सातव्या वळणावर

आल्प द्युएझच्या घाटाला एकवीस वळणं आहेत आणि ती उलटी मोजतात. पायथ्याचं बूर द्वाझां गाव मागे पडलं की रस्ता एकदम उभा होतो आणि पहिल्याच वळणावर पाटी दिसते, तिच्यावर आकडा 21. जसजसं वर जावं तसतसा आकडा उतरत जातो. प्रत्येक पाटीवर टूर द फ्रान्समध्ये हा घाट जिंकलेल्या सायकलपटूचं नाव आणि साल. एकूण 13.8 किलोमीटर, सरासरी 8.1 टक्के चढ. आकडे वाचून काही वाटत नाही. पायी निघालं की दुसरी पाटी यायच्या आत पोटऱ्या बोलायला लागतात.

19 जुलै 2018 ला आम्ही उजाडतानाच चढायला लागलो. मी, माझा नवरा आणि आइंडहोवनमधले आमचे शेजारी. शेजारी म्हणजे सत्तरी ओलांडलेले निवृत्त इतिहासशिक्षक. आम्ही त्यांना मास्तर म्हणतो. आम्ही तिघं निघालो होतो सातव्या वळणाकडे. ते वळण डच लोकांचं. नेदरलँड्स हा एवढा सपाट देश की तिथे पुलाच्या चढालाही लोक चढ म्हणतात, आणि त्याच देशातल्या पोरांनी 1976 ते 1989 या काळात हा घाट आठ वेळा जिंकला. वर गावातल्या चर्चमध्ये तेव्हा पाद्रीही डच होते. आपला माणूस जिंकला की ते घंटा वाजवायचे. तेव्हापासून शर्यत इथे येणार असली की डच लोक आठवडाभर आधी तंबू ठोकतात आणि सगळा डोंगर नारिंगी होतो.

मास्तर प्रत्येक पाटीपाशी थांबत होते. दम खायला नव्हे, सांगायला. 21 वर फाउस्टो कोप्पी, 1952. उत्तेजकं घेत होतो हे कोप्पीने नंतर एका मुलाखतीत उघड सांगितलं होतं, आणि त्या काळी त्यात कुणाला धक्का बसावा असं काही नव्हतं. 20 वर योप झुटेमेल्क, 1976. मास्तरांचा लाडका. सोळा वेळा टूरला उभा राहिला आणि सोळाही वेळा पॅरिसला पोहोचला. त्याच्या लघवीच्या नमुन्यातही एकाहून जास्त वेळा बंदी असलेलं औषध सापडलं होतं. मास्तर हे सगळं एकाच आवाजात सांगत होते. आधी पराक्रम आणि मग डाग, असा त्यांच्या बोलण्यात भेदच नव्हता.

अठराव्या वळणावर ते जास्त वेळ थांबले. पाटीवर हेनी कुइपर, 1978. त्या दिवशी शिखरावर पहिला पोहोचला होता मिशेल पोलेंटिए हा बेल्जियन. टप्पा जिंकला, एकूण आघाडीवर असणाऱ्याची पिवळी जर्सीही मिळाली. मग उत्तेजक चाचणीला नमुना द्यायला गेला तेव्हा दुसऱ्याच कुणाची तरी लघवी भरलेला रबरी फुगा त्याने काखेत लपवला होता आणि त्याची नळी कपड्यांच्या आतून खाली आणली होती. डॉक्टरांनी आधी दुसऱ्या एका सायकलपटूला तसंच करताना पकडलं आणि मग पोलेंटिएला शर्ट वर करायला लावला. त्याला तिथूनच घरी धाडलं. टप्पा कुइपरच्या नावावर गेला. मास्तर म्हणाले, "पोलेंटिए वर पोहोचला तेव्हा हजारो लोक त्याच्या नावाने ओरडत होते. त्या ओरडण्याचं काय झालं? ते कुणाच्या खात्यावर गेलं?"

या प्रश्नाला तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण मी या घाटात का आले होते, ते मला ठाऊक होतं. माझं लहानपण खोपोलीत गेलं. मुंबई-पुणे सायकल शर्यत बोरघाटातून जायची तेव्हा वडील आम्हा भावंडांना शिंग्रोबाच्या देवळापर्यंत घेऊन जात. तिथून वर येणारे सायकलवाले दिसायचे. घाट पहिला चढून जाणाऱ्याला 'घाटाचा राजा' हा किताब. आम्हाला त्यांतल्या एकाचंही नाव माहीत नसायचं. तरी आम्ही घसा फुटेस्तोवर ओरडायचो, कारण तो घाट आमच्या ओळखीचा होता. त्याच चढावर एसटी पहिल्या गिअरमध्ये कण्हायची, ट्रकच्या इंजिनातून वाफ निघायची, चाकाला दगड लावून ड्रायव्हर बसलेले असायचे. तिथून एक माणूस स्वतःच्या पायांनी वर येतोय, यापलीकडे आम्हाला काही माहिती नको होती. चढ ठाऊक असलेल्या माणसाला चढणाऱ्याबद्दल जे वाटतं ते माझ्या अंगात तेव्हापासून आहे.

आल्प द्युएझवर मात्र नावं माहीत असतात, आणि नावांबरोबर बाकीचंही. नवव्या वळणावर स्टीव्हन रोक्स, 1988. आठव्यावर गेर्ट-यान ट्युनिसे, 1989. डच पुरुषांमधले इथले शेवटचे दोन विजेते. रोक्सने पुढे स्वतः कबुली दिली. ट्युनिसे 1988 च्या टूरमध्येच चाचणीत सापडला होता; त्या वेळची शिक्षा म्हणजे एकूण वेळेत दहा मिनिटांची भर. या दोन पाट्या ओलांडूनच नारिंगी गर्दीत शिरावं लागतं.

त्याच्या वर, शिखराजवळ, मार्को पान्तानीच्या पाट्या आहेत, 1995 आणि 1997. आम्ही तिथवर गेलो नाही, पण पान्तानीला वगळून या घाटाबद्दल बोलता येत नाही. कानात बाळी, डोक्याला रुमाल, वजन जेमतेम पंचावन्न-छप्पन्न किलो, चढावर हँडलचा खालचा भाग धरून उभ्याने सायकल मारणारा. 1997 मध्ये तो हा घाट साडेसदतीस मिनिटांच्या आसपास चढला. 1998 मध्ये इटलीची जिरो आणि फ्रान्सची टूर, दोन्ही एकाच वर्षी. 5 जून 1999 च्या सकाळी, जिरो त्याच्या खिशात असताना, मादोन्ना दि कांपिल्यो गावी त्याचं रक्त तपासलं आणि त्यात लाल पेशींचं प्रमाण 52 टक्के निघालं. मर्यादा 50 ची. त्याला शर्यतीतून काढलं. 14 फेब्रुवारी 2004 ला रिमिनीच्या एका हॉटेलात तो मेलेला सापडला. कोकेन, आणि एकटेपणा. वय 34.

त्या 50 टक्क्यांमागची गोष्ट सांगायला हवी, कारण आजचा सगळा संशय तिथून सुरू होतो. मूत्रपिंडातून एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक स्रवतं आणि ते हाडांच्या मगजाला लाल पेशी बनवायला सांगतं. ते प्रयोगशाळेत तयार होऊ लागलं ते मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी. निरोगी सायकलपटूने ते टोचून घेतलं की रक्त जास्त प्राणवायू वाहतं आणि चढावर दमछाक उशिरा होते. रक्त घट्टही होतं, त्यात जीव जाऊ शकतो. नव्वदच्या दशकात हे औषध सगळ्या तांड्यात पसरलं आणि ते पकडणारी चाचणीच नव्हती. म्हणून 1997 मध्ये आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाने पेशींच्या प्रमाणाला मर्यादा घातली. म्हणजे प्रत्यक्षात घ्या, पण इतकंच घ्या, असा त्याचा अर्थ झाला. पुढच्याच वर्षी जुलैत फेस्टिना संघाचा मालिशवाला विली वोएत फ्रान्स-बेल्जियमच्या सीमेवर गाडीभर औषधांसह पकडला गेला आणि जे आतल्यांना माहीत होतं ते चहाच्या टपरीवर पोहोचलं. 2008 पासून प्रत्येक सायकलपटूच्या रक्ताची वर्षानुवर्षांची नोंद ठेवली जाते आणि त्यातल्या चढउतारावरून चोरी पकडतात. व्यवस्था सुधारली, हे खरंच आहे. पण लान्स आर्मस्ट्राँग शेकडो चाचण्यांमधून सुटत गेला आणि अखेर 2012 मध्ये अडकला तो सहकाऱ्यांच्या साक्षींमुळे. त्यामुळे 'चाचणीत निर्दोष' या दोन शब्दांवर कुणाचा विश्वास उरला नाही. आर्मस्ट्राँगने त्याचे सहकारी, पत्रकार, प्रतिस्पर्धी यांना छळलं त्याची यादी मोठी आहे. पण माझ्या मते त्याने सर्वांत मोठी चोरी केली ती त्याच्यानंतर जन्मलेल्या पोरांची. ती पोरं आता काहीही करोत, त्यांच्याकडे बघणाऱ्याच्या कपाळाला आठी असतेच.

2018 साली ती आठी सायकलपटू ख्रिस फ्रूमसाठी होती. आदल्या सप्टेंबरात स्पेनच्या व्हुएल्ता शर्यतीत त्याच्या नमुन्यात साल्ब्युटामॉल मर्यादेच्या दुप्पट निघालं होतं. दम्याच्या पंपातलं हे साधं औषध. फ्रूमला दमा आहे आणि ठरावीक प्रमाणात पंप घ्यायला परवानगीही आहे. प्रश्न प्रमाणाचा होता. डिसेंबरात बातमी फुटली. चौकशी चालू असतानाच तो मे महिन्यातली जिरो खेळला आणि एका टप्प्यात ऐंशी किलोमीटर एकट्याने पुढे राहून ती जिंकली. त्याच वर्षी मार्चमध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीने त्याच्या संघावर, टीम स्कायवर, ठपका ठेवला होता की वैद्यकीय सवलतींचा वापर करून या लोकांनी नीतीची रेषा ओलांडली. टूरच्या आयोजकांनी फ्रूमला शर्यतीतून बाहेर ठेवायची खटपट केली. 2 जुलैला, शर्यतीला पाच दिवस उरलेले असताना, महासंघाने प्रकरण बंद केलं. कागदावर तो निर्दोष ठरला. फ्रान्सच्या रस्त्यांवर तो निर्दोष नव्हता.

सातव्या वळणावर आम्ही पोहोचलो तेव्हा सकाळचे दहाही वाजले नव्हते आणि बिअरचा वास दरवळत होता. रस्त्याच्या कडेला भिंतीएवढे स्पीकर, नारिंगी कपडे, नारिंगी टोप्या, नारिंगी धूर सोडणाऱ्या नळकांड्या. डांबरावर चुन्याने आणि रंगाने लिहिलेली नावं. मध्येच कुणीतरी रंगवलेली भलीमोठी सिरिंज. माझ्या बाजूला विशीतली चार फ्रेंच पोरं होती. त्यांनी पुठ्ठ्याचा मनुष्याएवढा पंप बनवून आणला होता, दम्याचा. एरवी ती पोरं गोड होती. आमच्यासाठी त्यांनी सावलीतली जागा मोकळी करून दिली, मास्तरांना खुर्ची दिली.

दुपारी जाहिरातींच्या गाड्यांचा तांडा येऊन गेला, लाल ठिपक्यांच्या टोप्या आणि सुक्या सॉसेजची पाकिटं फेकत. मग बराच वेळ काही नाही. उन्हात उभं राहून वाट बघणं हाच या खेळाच्या प्रेक्षकाचा मुख्य उद्योग आहे. मग खालच्या दरीत हेलिकॉप्टर दिसलं. आपल्या खाली उडणारं हेलिकॉप्टर बघायची सवय नसते, पोटात ढवळतं. त्याचा आवाज वर सरकत आला आणि त्याच्या पुढे माणसांचा आवाज वळणावळणाने चढत आला.

पहिला आला स्टीव्हन क्राउसवाइक. डच. एकटा. क्रुआ द फेर या आधीच्या पर्वतावर तो सगळ्यांना सोडून पुढे आला होता. हा तोच माणूस, 2016 च्या जिरोत आघाडीची गुलाबी जर्सी अंगावर असताना बर्फाच्या भिंतीवर आदळून ज्याच्या हातून शर्यत निसटली. 1989 नंतर एकही डच पुरुष इथे जिंकला नव्हता आणि आता त्यांच्याच वळणावर त्यांचा माणूस एकटा पुढे. रस्ता दिसेनासा झाला. माणसांची भिंत मोटारसायकलपुढे फाटायची आणि सायकलच्या मागे लगेच मिटायची. मास्तर खुर्चीवर उभे राहिले. एवढा मोठा आवाज त्या अंगकाठीतून निघेल असं वाटलं नव्हतं. क्राउसवाइक माझ्यापासून हातभर अंतरावरून गेला. तोंड उघडं, हनुवटीवर वाळलेलं मीठ, नजर पुढच्या चाकावर. त्याला आम्ही कुणी दिसत होतो असं मला वाटत नाही.

क्राउसवाइकचा संघ म्हणजे जुन्या राबोबँक संघाचाच वारस. ते नाव मास्तरांपुढे काढायची सोय नाही. 2007 मध्ये त्या संघाचा डॅनिश सायकलपटू मिकाएल रासमुसेन पिवळ्या जर्सीत असताना संघानेच त्याला घरी पाठवलं, कारण चाचणीसाठी आपण कुठे आहोत याबद्दल तो खोटं बोलला होता. 2012 मध्ये बँकेनेच सायकलिंगमधून अंग काढून घेतलं. पुढच्या मार्चमध्ये त्याच संघाचा मायकेल बोगर्ड, मास्तरांच्या दिवाणखान्यात ज्याचं चित्र होतं तो, टीव्हीवर बसून दहा वर्षांचं सगळं ओकला. मास्तरांच्या बायकोने त्या रात्री विचारलं होतं, आता तरी जुलैत घरी राहणार का? ते राहिले नाहीत. आत्ता खुर्चीवर उभे राहून ते त्याच संघाच्या वारसासाठी ओरडत होते. हे सगळं डोक्यात असताना ओरडत होते, विसरून नव्हे. मला तो क्षण फार मोठा वाटला.

मग पिवळ्या जर्सीचा गट आला. पुढे एगान बेर्नाल, एकवीस वर्षांचा कोलंबियन, स्कायसाठी वेग ठेवणारा. त्याच्या मागे पिवळ्या जर्सीत स्कायचाच गेरंट थॉमस, मग फ्रूम, टॉम ड्युमुलिन, रोमां बार्दे. आवाज बदलला. हुर्यो सुरू झाली. खालून धूर, बाजूने शिव्या, पुठ्ठ्याचा पंप फ्रूमच्या तोंडासमोर नाचवला गेला, कुणाच्या तरी पेल्यातली बिअर त्याच्या खांद्यावर उडाली. फ्रूमची मान नेहमीसारखी खाली, कोपर बाहेर. मी टाळ्या वाजवल्या. त्याच्यासाठी, थॉमससाठी, बेर्नालसाठी. बाजूच्या पोराने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याच्या आजोबांना काही वाईट बोलले होते. मास्तरांनी दोन्ही हात खिशात घातले होते. ते हुर्यो करत नव्हते, टाळीही देत नव्हते.

वर काय झालं ते आम्हाला फोनवर कळलं. फ्रूमला एका माणसाने पाठीत धक्का दिला. विन्सेंझो निबाली गर्दीत आणि धुरात पडला; तरी उठून शेवटपर्यंत गेला, आणि त्याचा मणका मोडल्याचं नंतर समजलं. क्राउसवाइकला शेवटच्या चार किलोमीटरच्या आत गाठलं. थॉमस जिंकला, ड्युमुलिन दुसरा. व्यासपीठावर थॉमसच्या नावाने हुर्यो झाली.

बहुतेक लोक तेवढ्यावर पांगले. आम्ही थांबलो. मास्तरांचा हा नियम, आणि या नियमासाठी मी त्यांची ऋणी आहे. शर्यतीतले जलद धावणारे, सपाटीवरचे बलदंड, डोंगरावर शेवटी येतात. ठरावीक वेळेत पोहोचले नाहीत तर बाद. त्या दिवशी डच लोक डिलन ग्रुनेवेगनची वाट बघत होते. आदल्याच आठवड्यात त्याने लागोपाठ दोन टप्पे जिंकले होते. तो आलाच नाही; वाटेत त्याने शर्यत सोडली होती. लॉसन क्रॅडॉक मात्र आला. हा अमेरिकन पहिल्याच दिवशी पडला होता आणि खांद्याचं हाड मोडलेलं असताना खेळत होता, एकूण यादीत सगळ्यात शेवटी. वादळात उद्ध्वस्त झालेल्या ह्यूस्टनच्या सायकल ट्रॅकसाठी तो प्रत्येक पूर्ण केलेल्या टप्प्यामागे शंभर डॉलर देणार होता. पंपवाल्या पोरांनी त्याला डोक्यावर घेतलं. एकाने बाजूने धावत जाऊन त्याच्या डोक्यावर पाणी ओतलं. मी त्या पोराला विचारलं, हा स्वच्छ आहे हे तुला कसं माहीत? तो गोंधळला. मग हसून म्हणाला, "हा शेवटचा आहे ना!"

मला त्या वाक्याने पुढचे दिवस झोप लागू दिली नाही असं म्हणणार नाही, पण गाडीत बसल्यापासून मी त्याच्याशी भांडत होते. मागे राहिलेला स्वच्छ आणि पुढे गेलेला चोर, हा कुठला न्याय? उत्तेजकं घेताना पकडल्या गेलेल्यांमध्ये मागे राहिलेले कितीतरी होते. औषध पहिल्या क्रमांकासाठीच घेतात असं नाही. पुढच्या वर्षीचा करार मिळावा म्हणून घेतात, संघाच्या गाडीतल्या साहेबाने सांगितलं म्हणून घेतात. 1996 ची टूर जिंकणाऱ्या ब्यार्ने रीसने 2007 मध्ये औषध घेतल्याची कबुली दिली तेव्हा तो स्वतः एक मोठा संघ चालवत होता. त्या साहेबावर कुणी बिअर फेकत नाही. त्याच्या गाडीच्या काचा वर असतात.

मग आम्ही दक्षिणेला प्रोव्हान्समध्ये गेलो, मों वाँतू या डोंगरावर. शर्यत तिकडे त्या वर्षी नव्हती. मला टॉम सिम्पसनची शिळा बघायची होती. बेडवाँ गावातून वर जाणारा रस्ता आधी द्राक्षमळ्यांतून, मग ओक आणि देवदारांच्या जंगलातून जातो आणि शाले रेनार या जुन्या खानावळीपाशी झाडं संपतात. पुढे सहा किलोमीटर नुसता पांढरा चुनखडीचा खच आणि माथ्यावर मनोरा. आम्ही गाडी खानावळीपाशी ठेवून चालत गेलो. वारा एवढा की नवऱ्याची टोपी गेली ती परत दिसली नाही.

शिळा रस्त्याच्या उजव्या अंगाला, माथ्याच्या थोडी खाली. 13 जुलै 1967 ला, रखरखत्या उन्हात, इथेच तो सायकलवरून कोसळला. वय 29. 1965 चा विश्वविजेता, पिवळी जर्सी घालणारा पहिला ब्रिटिश. शवचिकित्सेत अँफेटामाइन आणि मद्य निघालं. त्याच्या जर्सीच्या खिशातही गोळ्या होत्या. आदल्याच वर्षी बोर्डोला टूरमधली पहिली उत्तेजक चाचणी झाली तेव्हा दुसऱ्या दिवशी सगळ्या सायकलपटूंनी खाली उतरून, सायकली हातात धरून निषेध केला होता. चाचणी म्हणजे अपमान, असं तेव्हा वाटत होतं. सिम्पसन गेल्यावर तसं म्हणणं अवघड झालं.

शिळेच्या पायऱ्यांवर पाण्याच्या बाटल्या, टोप्या, हातमोजे, एक जुनं टायर, दगडाखाली दाबलेल्या चिठ्ठ्या. आम्ही असेपर्यंत घामाने निथळलेले कितीतरी लोक वर आले, सायकल टेकवून उभे राहिले, काहीतरी ठेवून पुढे गेले. 1970 मध्ये एडी मर्क्सने शर्यत चालू असताना इथे टोपी काढली होती. सिम्पसनने काय घेतलं होतं हे इथे येणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. कुणीही पुठ्ठ्याची सिरिंज आणत नाही.

"मेलेल्याला आणि हरलेल्याला आपण लगेच माफ करतो," मी मास्तरांना म्हणाले. "जिंकणाऱ्यालाच संशयाचा कर भरावा लागतो."

"बरोबरच आहे," ते म्हणाले. "चोरीचा फायदा त्याला मिळतो. आणि मला फसवलंय कुणी? हरलेल्यांनी नाही. बोगर्डसाठी ओरडलो ती दहा वर्षं मला परत कोण देणार? म्हणून मी स्कायसाठी हात बाहेर काढत नाही. शिवी देणार नाही, पण टाळी उधार देणार नाही."

मग त्यांनी विचारलं, तुमच्याकडे असं होतं का? मी त्यांना नरसिंग यादवबद्दल सांगितलं. तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेला मल्ल. 2016 च्या रिओ ऑलिंपिकआधी चाचणीत सापडला. माझ्या जेवणात कुणीतरी मुद्दाम मिसळलं, असं त्याचं म्हणणं. भारताच्या उत्तेजकविरोधी संस्थेने ते मान्य करून त्याला सोडलं, जागतिक संस्थेने अपील केलं, आणि रिओत कुस्ती तोंडावर असताना क्रीडा लवादाने चार वर्षांची बंदी घातली. आमच्या घरात त्यावरून दोन तट पडले होते. माझा भाऊ अजून म्हणतो, पोराला अडकवलं. वडील म्हणायचे, मल्लाने आपल्या ताटावर नजर ठेवायलाच हवी. दोघंही त्याच्या जुन्या कुस्त्या सारख्याच प्रेमाने बघायचे.

मास्तरांशी माझं जमलं नाही ते इथे. मला टाळी उधार वाटत नाही. न्यायाधीशाकडे पुरावा असतो, आणि त्याला वेळ असतो. आताचे नमुने दहा वर्षांपर्यंत जपून ठेवतात आणि पुढे शोधल्या जाणाऱ्या चाचण्या त्यांच्यावर करता येतात. 1998 च्या टूरमधले पान्तानीचे नमुने एरिथ्रोपोएटिनसाठी दोषी होते हे जाहीर झालं 2013 मध्ये, तो गेल्यावर नऊ वर्षांनी. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या माझ्याजवळ दोन सेकंद असतात आणि समोर एक चेहरा. त्या दोन सेकंदांत मी निकाल देऊ शकत नाही, मग शिक्षा कुठून देणार? मी एवढंच बघू शकते की आठ टक्क्यांच्या चढावर एक माणूस स्वतःच्या पायांनी वर चाललाय. औषध घेतलेल्यालाही तो चढ चढावाच लागतो. म्हणून मी टाळी देते, आणि त्याच वेळी नमुने जपून ठेवा, डॉक्टरांना पकडा, संघाच्या मालकांना कोर्टात उभं करा, असंही म्हणते. किताब काढून घ्यायचे तर घ्या. पोलेंटिएचं नाव पाटीवर नाही ते योग्यच आहे. पण त्याच्यासाठी ओरडलेल्यांचा आवाज खोटा नव्हता, त्यांनी खरोखर एक माणूस घाट चढताना पाहिला होता. मास्तरांच्या अठराव्या वळणावरच्या प्रश्नाला मी हे उत्तर त्या वाऱ्यात उभी राहून दिलं. त्यांनी ते मान्य केलं नाही.

फ्रूमचं पुढे काय झालं ते सांगते. जून 2019 मध्ये एका शर्यतीत वेळेविरुद्धच्या टप्प्याच्या मार्गाची पाहणी करताना तो भिंतीवर आदळला. मांडीचं हाड, कोपर, बरगड्या मोडल्या. 2022 मध्ये टूर पुन्हा आल्प द्युएझवर गेली तेव्हा तो तिसरा आला आणि त्याच घाटातल्या लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. मी ते टीव्हीवर पाहिलं. तो पुन्हा कधी टूर जिंकणार नाही हे तोवर सगळ्यांना कळलं होतं.

पण मला त्याआधीची एक बातमी महत्त्वाची वाटते. 2011 च्या व्हुएल्तात स्पेनचा हुआन होसे कोबो जिंकला होता आणि फ्रूम अवघ्या 13 सेकंदांनी दुसरा आला होता. 2019 मध्ये, फ्रूम जायबंदी होऊन पडलेला असताना, महासंघाने कोबोचा तो किताब काढून घेतला. रक्ताच्या नोंदींवरून त्याची चोरी सिद्ध झाली होती. किताब फ्रूमला मिळाला, आठ वर्षांनी. सातव्या वळणावर ज्याच्या खांद्यावर बिअर उडाली त्या माणसाची एक अख्खी शर्यत कुणीतरी लुबाडलेली होती आणि तिथे उभ्या असलेल्या हजारोंपैकी एकालाही ते ठाऊक असणं शक्य नव्हतं.

ती बातमी मास्तरांनीच कुंपणापलीकडून मला वाचून दाखवली. व्हुएल्तातल्या कोबोसाठी त्यांनी तेव्हा टाळ्या वाजवल्या होत्या का, असं मी विचारलं. "वाजवल्या होत्या," ते म्हणाले. "तो गरीब घरचा, कुणाच्या खिजगणतीत नसलेला. मला आवडला होता." मग त्यांनी पेपरची घडी घातली आणि म्हणाले की स्कायबद्दलचं त्यांचं मत तरीही बदललेलं नाही. माझंही टाळ्यांबद्दलचं बदललेलं नाही.